हवालदार साहेब पेन्शनवर येतायत, सिक्युरिटीशिवाय काही आहे का?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मिस्टर ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, तेही रणगाड्यांवरचे, २४ वर्षं पूर्ण होऊन पुढच्या वर्षी घरी येणार, वय ४३, शिक्षण दहावी आणि मग सगळं फौजेतलंच. जो भेटतो तो म्हणतो सिक्युरिटी सुपरवायझर व्हा. तुम्हाला विचारायचंय की मोठ्या कारखान्यात, विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत वगैरे त्यांना कोणी घेईल का, आणि त्यासाठी आत्ता काय करायचं.

घेतील. पण आपोआप नाही घेणार, आणि ज्या कारणासाठी घेतील असं तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी, म्हणजे फौजी शिस्तीसाठी, तर नाहीच. मी स्वतः एअरफोर्समध्ये २० वर्षं एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम केलं, नंतरची १३ वर्षं विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, सुरुवात इन्स्पेक्टर म्हणून, आता क्वालिटीमध्ये आहे आणि भरतीच्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसतो. तर दोन्हीकडून बघितलेलं सांगतो.

आपले माजी सैनिक इंटरव्ह्यूला आले की दहातले आठ जण पहिलं वाक्य हेच बोलतात, "सर, मी फौजी आहे, शिस्त आहे, वेळेवर येतो, सांगाल ते काम करतो." समोरचा एचआरवाला मान डोलावतो आणि मनात लगेच गेटवरची पोस्ट आठवतो, कारण शिस्त, वेळ आणि सांगाल ते काम ही त्याच्या डोक्यात सिक्युरिटीचीच जाहिरात आहे हो. आपणच आपल्याला गेटवर उभं करून घेतो. देशात दरवर्षी साधारण ६०,००० जवान ३५ ते ४५ वयात बाहेर पडतात आणि सगळे हेच वाक्य घेऊन फिरतात, मग वेगळं काय दिसणार.

एरोस्पेसमध्ये विकली जाणारी गोष्ट वेगळी आहे. केलेलं काम लिहून ठेवणं, लिहिलंय तसंच काम करणं, आणि त्याखाली स्वतःची सही करून उद्या कोणी विचारलं तर उभं राहणं. आमच्याकडे प्रत्येक इन्स्पेक्टरला नंबर असलेला स्वतःचा स्टॅम्प मिळतो, तो ज्या पार्टच्या कागदावर उमटला तो पार्ट पंधरा वर्षांनी कुठे तुटला तरी तो नंबर शोधत लोक येऊ शकतात. एअरफोर्समध्ये विमानाच्या फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीवर सही केलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुमच्या मिस्टरांनी गाडीच्या लॉगबुकात, जॉब कार्डवर, इन्स्पेक्शन रिपोर्टवर किती सह्या केल्या असतील विचारा त्यांना. हेच भांडवल आहे, पण हे कोणी बोलतच नाही.

आता याची उलटी बाजू, आणि ती मी जरा लांब सांगणार आहे कारण आपली माणसं इथेच आपटतात. फौजेत जुगाड करणाऱ्याला शाबासकी असते. एक्सरसाइज चालू आहे, रणगाडा बसलाय, पार्ट यायला दोन दिवस, आणि हवालदाराने तार बांधून, दुसऱ्या गाडीचा पार्ट काढून गाडी चालू केली की कमांडिंग ऑफिसर पाठ थोपटतो, आणि बरोबरच आहे, तिथे गाडी चालली पाहिजे. विमानाच्या कारखान्यात नेमका हाच माणूस धोकादायक. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या एका ब्रिटिश वन-इलेव्हन जेटची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच आदल्याच दिवशी बसवलेली. बसवणारा नवशिका नव्हता, अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता, रात्रपाळीत माणसं कमी म्हणून स्वतःच कामाला लागला. जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने जुळवत नवे घेतले. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंचाने बारीक निघाले, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. कॅटलॉग उघडून पार्ट नंबर बघितला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. मी प्रत्येक नव्या बॅचला हा किस्सा सांगतो, आणि माजी सैनिकांना मुद्दाम दोनदा सांगतो, कारण "डोळ्याने कळतं हो मला" हे वाक्य मी आपल्याच माणसांकडून सगळ्यात जास्त ऐकलंय.

आणि मी काही वरून उपदेश करत नाहीये, माझंही झालंय. नोकरीला लागून दुसराच महिना. एक छोटा ब्रॅकेट, फायनल इन्स्पेक्शनला आलेला, अॅनोडायझिंग झालेलं, कडेला बारीक बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धार, हाताला लागली. मी काय केलं, एमरी पेपर घेतला, दोनदा फिरवला, साफ. मनात म्हटलं बघा कसं पटकन काम केलं. तिथली क्वालिटी इंजिनिअर, चोवीस वर्षांची मुलगी, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, तिने पार्ट बघितला आणि विचारलं, "सर, हे कोणत्या इन्स्ट्रक्शननुसार केलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अॅनोडायझिंगचं संरक्षक कोटिंग गेलं, मंजुरी नसलेलं रिवर्क, कागदावर नोंद नाही, पार्ट नापास मालाच्या लाल डब्यात गेला. चूक बर काढण्याची नव्हती, बर दिसल्यावर लिहून थांबायचं होतं, पुढचा निर्णय इंजिनिअरिंगचा. ती मुलगी आज माझी बॉस आहे आणि चांगली बॉस आहे. त्या दिवशी घरी येऊन मात्र मी जेवलो नव्हतो हे खरं.

आता सीव्ही. मिस्टरांनी लिहिलेला सीव्ही मी न बघताच सांगतो की त्यात युनिटचं नाव, रँकच्या तारखा, पोस्टिंगची यादी आणि खाली "हार्ड वर्किंग" असं असणार. कारखान्यातल्या माणसाला लॅड म्हणजे काय, एलआरडब्ल्यू म्हणजे काय, ही आपल्या दुरुस्ती तुकड्यांची नावं त्याला काही कळत नाहीत. तो त्याच्या भाषेत विचार करतो: किती मशीन सांभाळल्या, किती माणसं हाताखाली, बंद पडलं तर किती वेळात चालू केलं, ऑडिटमध्ये काय निघालं. आपल्याकडे गाडी बंद पडून व्हीओआर होते, त्याच्याकडे त्याला डाउनटाइम म्हणतात, आपलं इंडेंट म्हणजे त्याची मटेरियल रिक्वेस्ट, आपलं टेक्निकल इन्स्पेक्शन म्हणजे त्याचं ऑडिट. म्हणजे "टी-७२ रणगाड्यावर काम केलं" असं नुसतं लिहू नका. ७८० हॉर्सपॉवरचं बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन बाहेर काढणं-बसवणं, फ्युएल सिस्टीम, हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधणं, अमुक जणांच्या टीमला काम वाटून देणं आणि टूल-स्पेअरचा हिशोब ठेवणं, असं लिहा की वाचणाऱ्याला चित्र दिसेल. एक काळजी मात्र घ्या. युनिट कुठे होतं, किती गाड्या होत्या, त्यातल्या किती चालू होत्या, असलं काही कागदावर नको आणि इंटरव्ह्यूमध्ये फुशारकीतही नको. ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट रिटायर झाल्यावर सुटत नाही. मोघम आकडे, स्वतःच्या कामापुरते, एवढंच.

कोणत्या कामासाठी जायचं, हा खरा प्रश्न. इथे मी थोडं नाराज करणारं बोलतो. रणगाड्याच्या मेकॅनिकने थेट विमान असेंब्लीच्या मागे लागू नये. विमानाच्या देखभालीचं लायसन्स, ते एएमई म्हणतात ते, नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या कार-६६ नियमाखाली येतं, त्याचे मॉड्यूल, परीक्षा, विमानावरचा मोजलेला अनुभव, तो रस्ता एअरफोर्सचे टेक्निशियन, नेव्हीचे एअरवाले आणि ईएमईतलेच आर्मी एव्हिएशनवर हेलिकॉप्टर सांभाळलेले यांच्यासाठी ठीक आहे, त्यांनाही सिव्हिल विमानावरचा अनुभव वेगळा घ्यावाच लागतो. ४३ व्या वर्षी शून्यातून कोणी लाखोंची फी भरून एएमई करा म्हणत असेल तर नमस्कार करून बाहेर या. पण लोकांच्या हे लक्षात येत नाही की विमानाचे पार्ट बनवणारा कारखाना हा आधी कारखाना आहे, आणि त्यातल्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, प्रेस, कॉम्प्रेसर, टेस्ट रिग कोणीतरी चालू ठेवावे लागतात. हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स आणि इलेक्ट्रिकल तिन्ही एका डोक्यात असलेला मेंटेनन्सचा माणूस शोधून सापडत नाही, आणि रणगाड्याचा मेकॅनिक तेच तर असतो. प्लांट मेंटेनन्स हा तुमच्या मिस्टरांचा दरवाजा. एकदा आत गेलं की दोन-तीन वर्षांत असेंब्ली, टेस्टिंग, क्वालिटी इकडे सरकता येतं, आतल्या माणसाला सरकता येतं, बाहेरच्याला तोच बदल फार अवघड जातो.

दुसरा दरवाजा थेट चिलखती गाड्या आणि तोफा बनवणाऱ्यांचा. एल अँड टी हजिऱ्याला के-९ वज्र ही स्वयंचलित तोफ बनवते, ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ ला सात कंपन्या झाल्या त्यातली एव्हीएनएल रणगाडे आणि चिलखती गाड्यांचं बघते. अशा ठिकाणी ट्रायल, टेस्टिंग, गिऱ्हाइकाकडे जाऊन दुरुस्ती शिकवणं या कामांना ज्याने गाडी वापरणाऱ्याच्या बाजूने बघितली आहे तो माणूस लागतोच.

सरकारी कंपन्यांमध्ये, म्हणजे विमानं बनवणारी एचएएल वगैरे, माजी सैनिकांना ग्रुप सी मध्ये १४.५ टक्के आरक्षण असतं. जाहिरातीतली वयोमर्यादा बघून घाबरू नका, सेवेची वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षं सूट, म्हणजे ४३ मधून २४ आणि ३ गेले, हिशोबाला साहेब १६ चे. अडतं ते कागदावर. जाहिरात म्हणते आयटीआय आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, आणि आपला माणूस म्हणतो माझ्याकडे क्लास वन ट्रेड टेस्ट आहे. दोन्ही एकच असेल हो, पण स्क्रुटिनीवाल्या क्लार्कला ते कागदावर लागतं. म्हणून ट्रेडच्या समकक्षतेचा दाखला रेकॉर्ड ऑफिसकडून सर्व्हिसमध्ये असतानाच काढा. बाहेर पडल्यावर एका कागदासाठी सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं पाठवत बसलेली माणसं मी बघितलीत. आणि एक गैरसमज, दहावी अधिक १५ वर्षं सेवा म्हणजे ग्रॅज्युएट धरतात हे खरं, पण ते ग्रुप सी च्या साध्या पदांना, जिथे टेक्निकल पात्रता मागितली आहे तिथे ते चालत नाही. प्रायव्हेटला तर त्याचं काहीच पडलेलं नसतं.

आता उरलेल्या वर्षात शिकायचं काय. ड्रॉइंग वाचणं, सगळ्यात आधी. मेकॅनिक लोक मॅन्युअलमधली चित्रं छान वाचतात पण प्रॉडक्शन ड्रॉइंग वेगळी गोष्ट आहे, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते, डेटम म्हणजे मोजायची सुरुवात कुठून ते, आणि आकार-जागेच्या अटी सांगणारे ते जीडी अँड टी चे चौकोन. त्यातही गंमत अशी की पार्टच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत, आपल्या आयटीआयमध्ये फर्स्ट अँगल शिकवतात आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये आणि इंचात येतं, डावीकडचं उजवीकडे समजून पार्ट उलटा बनवलेला मी बघितलाय. मग मोजणं: व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, रोज हातात घेऊन. आणि कॉम्प्युटर, एक्सेल येत नसेल तर ते मुलांकडून शिका, लाजू नका. एएस ९१०० नावाचं एक स्टँडर्ड आहे, आयएसओ ९००१ वरच विमानक्षेत्राच्या जादा अटी चढवलेलं, त्याचं दोन दिवसांचं सर्टिफिकेट विकत घेण्यापेक्षा त्यात काय मागतात ते समजून घ्या: प्रत्येक पार्ट कोणत्या मटेरियलच्या कोणत्या लॉटमधून आला ते मागे शोधता येणं, मोजायचं साधन कॅलिब्रेट केलेलं असणं, चुकीचा पार्ट वेगळा ठेवणं, कारखान्यात बाहेरची वस्तू, एफओडी म्हणतात ती, राहू न देणं. २००० साली पॅरिसला कॉन्कॉर्ड पडलं त्याची सुरुवात दुसऱ्या विमानातून रनवेवर पडलेल्या साधारण हातभर लांब पट्टीपासून झाली, ११३ माणसं गेली. म्हणून शिफ्ट संपताना टूल मोजतात, एक स्पॅनर कमी असला तर काम थांबतं. हे फौजीला आवडतं, घरच्यासारखं वाटतं.

एनडीटी म्हणजे न तोडता तपासणी, हा कोर्स बरेच माजी सैनिक करतात आणि करावा, पेनिट्रंट, मॅग्नेटिक, अल्ट्रासॉनिक यांतल्या दोन पद्धतींची लेव्हल-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीची पात्रता घेतली तरी किंमत वाढते. फक्त हे माहीत असू द्या की बाहेरच्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट म्हणजे नोकरीचा परवाना नाही, एसएनटी-टीसी-१ए या एनडीटीच्या नियमावलीच्या पद्धतीत शेवटी कंपनी स्वतः तुम्हाला पात्र ठरवते, आणि प्रॅक्टिकलचे तास मोजते. आणि जवळचं बारीक वाचायची डोळ्यांची परीक्षा असते, ती ठरावीक काळाने पुन्हा. चाळिशीनंतर आपण चष्मा टाळतो. टाळू नका, चष्मा लावून पास चालतं, न लावता नापास नाही.

डीजीआरचे, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाचं बघणाऱ्या सरकारी खात्याचे, रीसेटलमेंट कोर्स सर्व्हिसच्या शेवटच्या काळात युनिटमार्फतच भरायचे असतात, जवान-जेसीओंची फी डीजीआर भरतं. होतं काय, युनिटमध्ये क्लार्क यादी फिरवतो आणि बाकीचे जे घेतात तेच आपणही घेतो, आणि ते बहुतेक सिक्युरिटी नाहीतर फायर असतं, कारण सोपं आहे आणि घराजवळ सेंटर मिळतं. मिस्टरांना फोनवर सांगा, यादीत क्वालिटी, सीएनसी, एनडीटी, इंडस्ट्रियल मेंटेनन्स जे असेल त्यावर बोट ठेवा, सेंटर लांब असलं तरी. सोबत एडब्ल्यूपीओ, म्हणजे माजी सैनिकांना नोकरी मिळवून द्यायला मदत करणाऱ्या लष्कराच्या संस्थेमध्ये नाव नोंदवा, आणि उतरल्यावर, म्हणजे रिटायर झाल्यावर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. पण या नोंदणीवर विसंबून घरी बसू नका. माझ्या ओळखीत ज्यांना चांगली नोकरी लागली त्यातले बहुतेक आधी आत असलेल्या माजी सैनिकाच्या फोनवरून लागले. त्यांच्याच कोअरचे जे तीन-चार वर्षांपूर्वी उतरलेत त्यांना शोधून काढा, प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतोच.

तुम्ही गडहिंग्लजकडच्या म्हणालात, मग पुणेच का धरून बसायचं. हायवेला लागून हत्तरगी आहे बेळगाव जिल्ह्यात, तिथे एक्वसचा एरोस्पेस पार्टचा एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, तुम्हाला घर न हलवता जमू शकेल. तिकडे नाही जमलं तर नाशिकला ओझरला एचएएल आणि त्यांना पार्ट पुरवणारे छोटे कारखाने, तेजस लढाऊ विमानाची नवी लाईन तिथेच सुरू झाली आणि तिथलं पहिलं मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडिया इंजिनिअरिंगचं विमान दुरुस्ती केंद्र आणि फाल्कन जेटचे पार्ट बनवणारा कारखाना. मोठ्या नावापेक्षा त्यांचे पुरवठादार आधी बघा, शंभर-दोनशे माणसांची कंपनी. तिथे मालक स्वतः इंटरव्ह्यू घेतो आणि हाताचं काम बघून लगेच हो म्हणतो. मोठ्या ठिकाणी सीव्ही आधी कॉम्प्युटर चाळतो.

घरातलं पण बोलतो, कारण प्रश्न तुम्ही विचारलाय, त्यांनी नाही. पहिला पगार फौजेच्या शेवटच्या पगारापेक्षा कमी असेल, बहुतेक बराच कमी. पेन्शन चालूच राहतं, दोन्ही मिळून घर चालतं, पण त्यांना कमीपणा वाटणार. हाताखाली वीस माणसं असलेल्या हवालदाराला २६ वर्षांचा इंजिनिअर नावाने हाक मारणार. शिफ्ट संपली की सगळे आपापल्या गाड्यांवर बसून निघून जातात, कोणी कोणाला विचारत नाही, मेस नाही, बॅरेक नाही. माझे पहिले सहा महिने चिडचिडीत गेले, बायकोने सहन केलं. नोकरी सोडायची भाषा बहुतेक पहिल्या वर्षातच होते. तेव्हा लगेच सल्ला देऊ नका, पण "सोडाच मग" असंही म्हणू नका.

भाचा अग्निवीर आहे असं शेवटी लिहिलंत, त्याचं गणित वेगळं. चार वर्षांनी बाहेर आला तर वय २५ च्या आत, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, हातात सेवा निधीचे, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणारे, ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. त्याने नोकरी नाही, अप्रेंटिसशिप बघावी, आणि ते पैसे बुलेट आणि मोबाइलमध्ये घालू नयेत. त्याच्याबद्दल वेगळं विचारा, सविस्तर सांगतो.

आणि ती सिक्युरिटीची ऑफर लगेच नाकारायलाच हवी असं नाही. उतरल्यावर तीन-चार महिने काही लागलं नाही आणि हप्ते थांबत नसतील तर घ्या, पण मुदत ठरवून घ्या, आणि शक्यतो एखाद्या कारखान्याच्याच गेटवर. जेवणाच्या सुट्टीत मेंटेनन्सच्या फोरमनशी ओळख काढता येते. सध्या तरी मिस्टर पुढच्या सुट्टीवर आले की ट्रेड टेस्टचे निकाल, कोर्सच्या ग्रेडिंग आणि सर्टिफिकेट यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा, आणि डोळे तपासून आणा.